डेल्फ्टच्या पाण्याचं तिसरं माप

मध्या,

काल डेल्फ्टला जाऊन आलो. जाताना तू माझ्या मांडीवर होतास, येताना नव्हतास. एवढं सांगितलं की खरं तर सगळं सांगून झालं, पण तुझ्याशी कधी एका वाक्यात काही संपलंय का? तू असतास तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतास, "श्री, मुद्द्याचं राहिलं. पाणी वाहत होतं की नव्हतं?" तेच सांगायला बसलोय. मध्ये तोडू नकोस. आता तोडता येणार नाही हे मला कळतं, तरी सवयीने म्हणालो.

फलाटावर अजून त्याच पाट्या आहेत, गरज असेल तरच प्रवास करा म्हणून. अख्ख्या डब्यात मी आणि पलीकडे एक झोपलेली मुलगी. तिकीट तपासनीस आला तेव्हा मी मनातल्या मनात डच वाक्य जुळवून ठेवलं होतं. काय सांगणार होतो, मित्राला सोडायला चाललोय म्हणून? त्याने कार्ड बघितलं, मांडीवरच्या कापडी पिशवीकडे बघितलं आणि शुभ प्रवास म्हणून पुढे गेला. पिशवी तुझीच होती, तुमच्या वाईच्या किराणा दुकानाची, बंद तुटलेली. चांगली पिशवी घ्या असं अंजली म्हणाली होती. मी ऐकलं नाही.

सप्टेंबरात आपण दोघे गेलो तेव्हा याच गाडीत तू मास्कच्या आतून ब्रेडा स्टेशनापर्यंत बोलत होतास. मार्चपासून तू बेस्ट गावातल्या त्या दोन खोल्यांच्या बाहेर पडला नव्हतास. घरच्या भिंतींना माझा कंटाळा आलाय, कुठेतरी ने, म्हणून तूच मागे लागलास. अंजलीने पराठे दिले होते आणि तू जाळीतली दोन संत्री खिशात कोंबली होतीस. डेल्फ्ट तूच निवडलंस. का, तर छोटं आहे, दुपारच्या आत बघून होतं आणि परतीची गाडी चुकत नाही. सहलीला जातानासुद्धा परतीची गाडी आधी बघणारा माणूस तू.

गाव तुला आवडलं. तो झुकलेला मनोरा बघून तू हाताचा अंगठा पुढे धरून कोन मोजायला लागलास आणि एका म्हातारीला वाटलं की तू तिला थांबायची खूण करतोयस. ती बिचारी सायकलवरून उतरून उभी राहिली. त्या गोंधळातून निसटण्यासाठी आपण मागच्या बारक्या कालव्यावर गेलो आणि तिथे तुला त्या पायऱ्या दिसल्या. होडीत बसायला केलेल्या, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या. तू सर्वांत खालच्या पायरीवर जाऊन बसलास. मग आईला व्हिडिओ कॉल लावलास.

"आई, हे बघ, आपला घाट," म्हणालास.

काकूंनी फोन डोळ्याजवळ नेला असावा, कारण आपल्याला नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं. त्यांनी घाट नाही, पाणी बघितलं. हे पाणी वाहतं का रे, म्हणाल्या. तू म्हणालास, वाहतं आई, कृष्णेसारखंच, जरा सावकाश. मी मागून ओरडलो की खोटं बोलतोय काकू, डबकं आहे डबकं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही दोघं भांडायला एवढ्या लांब गेलात होय.

फोन ठेवला आणि तू उठलास. वाटलंच होतं मला.

ज्यांना तू माहीत नाहीस त्यांना हे सांगायला हवं की चिप बनवणाऱ्या यंत्रांची मापं तपासणं हा आपल्या दोघांचा धंदा. केस ज्यांच्यापुढे ओंडका वाटेल इतकी बारीक मापं. त्या धंद्यात तुझा एक नियम होता आणि नवीन आलेल्या प्रत्येक पोराला तू तो ऐकवायचास: एक माप ही अफवा, दोन मापं हे भांडण, तिसरं आलं की मग तोंड उघडायचं. डच सायबाने तो इंग्रजीत लिहून भिंतीवर लावला होता. तुझं नाव न घालता, यावरून तू आठवडाभर धुसफुसत होतास.

तू आधी लिंडनच्या झाडाचं पान टाकलंस. ते तुरुतुरु गेलं. मी म्हणालो हा वारा आहे, पाणी नाही. तू मान डोलावलीस, कारण आक्षेप बरोबर होता, आणि खिशातून संत्रं काढलंस. संत्रं जवळजवळ बुडून तरंगतं, वाऱ्याच्या हाती लागत नाही. भिंतीतल्या एका लोखंडी कडीसमोर तू ते अलगद सोडलंस आणि आपण दोघे, पन्नाशीला आलेले इंजिनिअर, पाण्यातल्या संत्र्याकडे बघत बसलो. येणारेजाणारे पुलावर थांबून बघायचे आणि पुढे जायचे. काही वेळाने तू म्हणालास, हललं. कडीच्या पुढे गेलं. मला ते कडीसमोरच दिसत होतं. तू डोकं हलवलंस म्हणून संत्रं हललं, मी म्हणालो. तू म्हणालास, ठीक आहे, माझं एक माप झालं, अजून दोन घ्यायची. पण दुसरं संत्रं तोवर मी सोलून निम्मं खाल्लेलं होतं. तू माझ्याकडे जे बघितलंस ना, तसं माझ्या सासऱ्यांनीही कधी बघितलं नव्हतं. मग उरलेलं निम्मं तू खाल्लंस आणि गाडीची वेळ झाली. निकाल पुढच्या खेपेला, म्हणालास.

भांडण अर्धं टाकून उठायचा तुझा स्वभाव नव्हता. आमच्याकडे जेवायला आलास की निघताना बूट घालून दारात उभा राहून तासभर वाद घालायचास आणि अंजली आतून म्हणायची, एक तर बूट काढा नाहीतर दार लावा, हीटिंग चालू आहे. त्या दिवशी तू उठलास तो पुढची खेप आहे म्हणून.

पुढची खेप आली नाही. आधी उपाहारगृहं बंद झाली, मग दुकानं, मग शाळा. तू घरी एकटा आणि आम्ही घरी तिघं. बाल्कनीखाली उभा राहून मी तुला डब्यातून भाजी द्यायचो आणि तू वरून दोरी सोडायचास. आमची सई त्याला पायराटनस्पेल म्हणायची, चाच्यांचा खेळ. ती तुझ्याशी डचमध्ये बोलायची, तू तिला मराठीत उत्तर द्यायचास आणि दोघांचं कुठे अडत नव्हतं. तिच्या जन्माच्या वेळी तू डिंकाचे लाडू केले होतेस, तेही असे की अंजलीने त्यातला एक दाराला अडण म्हणून लावला होता. पण बाळंतपणात सासर-माहेरचं कोणी येऊ शकलं नाही आणि तिला कोणी लाडू केले असतील तर ते तूच. हे तुला कधी सांगितलं नाही. नुसती लाडवाची चेष्टा केली, वर्षानुवर्षं.

आता ते दुसरं. ते लिहिताना मला तुझा राग येतो, आणि येऊ दे.

तुला ताप आला. हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन केलास, त्यांनी सांगितलं ते बरोबरच सांगितलं, की विश्रांती घ्या, ऑक्सिजन मोजत राहा, नव्वदच्या खाली गेला की लगेच फोन करा. लगेच. तुझ्याकडे बोटाला लावायचं यंत्र होतं. सकाळी तुझा मेसेज आला, नव्वदच्या खाली दाखवतंय, पण बोट गार आहे, ही अफवा धरू. मी फोन केला. फोन कर त्यांना, म्हणालो. तू म्हणालास की वीस युरोच्या खेळण्यावर मी ॲम्ब्युलन्स बोलावत नाही, सेन्सर तपासून घेतो. दुपारी दुसरा मेसेज: दुसऱ्या हाताचं जरा बरं आलं, म्हणजे भांडण. संध्याकाळी तिसरं घेतो, मग बोलू.

मी पुन्हा फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर ओरडलो. यंत्र नाहीयेस तू, म्हणालो. तुला दम लागत होता, मला ऐकू येत होतं. तू म्हणालास, "श्री, घाबरून घेतलेलं माप चुकतं." आणि फोन ठेवलास.

तिसरं माप आलं नाही. अंधार पडायच्या आत मी सायकल काढून आलो. येऊ नको, तुझ्या घरात लेकरू आहे, असं तू बजावलं होतंस तरी आलो. दार तू स्वतः उघडलंस. बूट घालून जिन्यातच बसला होतास, बहुतेक स्वतःच निघायच्या विचारात. बोटाला ते यंत्र तसंच. मी आकडा बघायला गेलो, तू बघू दिला नाहीस, हात मागे घेतलास. लहान मुलाने फोडलेलं काही लपवावं तसा. मी बोलावलेल्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मला लांब उभं केलं. तू दार लागताना मला काहीतरी म्हणालास, मास्कमुळे ऐकू आलं नाही. काय म्हणालास? फेब्रुवारीभर मी तेच शोधतोय. कदाचित नुसतं सायकलला कुलूप लाव असंच असेल.

त्यानंतर तू कुणाशीच बोलला नाहीस. हॉस्पिटलात काचेपलीकडूनही बघू दिलं नाही. शेवटी फोन आला तेव्हा मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो आणि मीटिंग पूर्ण करून उठलो. का, ते मला सांगता येत नाही.

दहनाला आम्ही मोजकी माणसं, अंतर ठेवून बसलेली. वाईला काकू आणि तुझी बहीण सुनीता संगणकासमोर. मध्येच तिकडचं चित्र अडकलं. फुलं ठेवलेली पेटी दिसते आहे आणि पुढे काहीच होत नाही. सुनीता म्हणाली की काकू अर्धा तास त्या अडकलेल्या चित्रासमोर हात जोडून बसल्या. त्यांच्यासाठी तू तिथेच थांबला होतास.

इथे अस्थी महिनाभर दहनगृहातच ठेवतात, तसा कायदा आहे. मग दळून, पूड करून, डब्यात भरून देतात. वर क्रमांक कोरलेली मातीची चकती, म्हणजे अदलाबदल होऊ नये. तुला ती चकती आवडली असती. काकूंनी मला विचारलं, अस्थी आहेत ना रे, का नुसती राख? मी आहेत म्हणालो. घरात ठेवायच्या नाहीत म्हणून तुला मागच्या शेडमध्ये ठेवलं, सायकलींच्या वरच्या फळीवर. रोज सकाळी सई तिथून सायकल काढायची आणि "दाख काका" म्हणून जायची, म्हणजे डचमध्ये येते काका. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

काकूंना तू कृष्णेत हवा होतास. दुसरं काय हवं असणार. दर गणपतीला तू म्हणायचास की पुढच्या वर्षी कायमचा परत जातो, आणि मी म्हणायचो, जातोस कुठला, तुला पेन्शन इथली हवी आणि पाणी तिथलं. आता नेणारा मी उरलो तर तिकीट दोनदा रद्द झालं. तिसऱ्यांदा मिळालं असतं तरी मुंबईत उतरल्यावर आठवडाभर हॉटेलात कोंडून ठेवणार, आणि तिकडे पुन्हा माणसं आजारी पडायला लागलेली. कुरिअरवाल्यांनी नाही म्हटलं. शेवटी परवा काकूंचाच फोन आला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्षभर लांबलंय, आवाजही बसलाय.

"बाळ, मी काही आता वाट बघू शकत नाही," म्हणाल्या. "तुम्ही दोघं गेला होतात ना, घाट होता, तिथे सोड त्याला. तिथे तो हसत होता."

मी म्हणालो, इथे आमच्या आइंडहोवनला चांगली नदी आहे, काकू. लहान आहे पण वाहती आहे. मला ती सोपी होती. त्या म्हणाल्या नको, त्याने दाखवलेलं ते एकच पाणी मी बघितलंय. मग म्हणाल्या, "माधव म्हणाला होता वाहतं. तू म्हणाला होतास डबकं. साचलेल्या पाण्यात सोडू नये, अडकून राहतं माणूस. तू जा, नीट बघ आणि मला खरं सांग."

म्हणून काल गेलो. जाताना कळलं असेल तुला, पिशवीत दोन संत्रीही होती.

डेल्फ्ट आता सप्टेंबरातलं नाही. खिडक्यांत पडदे, दुकानांना कुलपं, झाडं उघडी. तुझा मनोरा तेवढा झुकलेला. पायऱ्या शेवाळल्या होत्या. मी पिशवी वरच्या पायरीवर ठेवली आणि कडीसमोर संत्रं सोडलं, तू सोडलंस तसंच, अलगद, धक्का न लावता. वारा नव्हता. मला ते हलायला हवं होतं, मध्या. आयुष्यात कुठल्याही मापाकडून मी काही मागितलं नव्हतं, तो आपल्यात गुन्हा आहे. काल मागितलं. डोकं भिंतीला टेकवून बसलो, म्हणजे डोकं हलल्याचा आरोप नको.

नाही हललं. गाडीची वेळ टळून गेली, तरी कडीसमोरच. एकदा जरा फिरलं आणि देठाची बाजू माझ्याकडे करून थांबलं. मी जिंकलो होतो. इतकं वाईट मला जिंकताना कधी वाटलं नव्हतं.

दुसरं संत्रं मी कोटाच्या खिशात टाकलं होतं. तिसऱ्या मापाचं. काढलं, हातात घेतलं आणि तेवढ्यात सुनीताचा कॉल आला. तिने फोन काकूंसमोर धरला. मी कॅमेरा पाण्याकडे वळवला.

"मला नीट दिसत नाही रे," काकू म्हणाल्या. "तूच सांग. वाहतंय का?"

संत्रं समोरच होतं. मी ते परत खिशात घातलं, म्हणजे हातातलं. पाण्यातलं तिथेच राहिलं.

"वाहतंय, काकू," मी म्हणालो. "माधवचंच खरं होतं."

 त्या म्हणाल्या, मला माहीत होतं, तो माझ्याशी कशाला खोटं बोलेल. मी फोन पायरीवर बुटाला टेकवून ठेवला आणि तुला सोडलं. जड होतं ते लगेच खाली गेलं. बारीक होतं ते वर पसरलं, राखाडी, भिंतीला लागून, आणि तिथेच थांबलं. सुनीता तिकडून काहीतरी म्हणत होती, श्लोक असावा, रडल्यामुळे कळत नव्हता. चकती मी सोडली नाही, ती माझ्याकडे आहे.

"गेला का रे?" काकूंनी विचारलं.

इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. मी म्हणालो, गेला, काकू. बरं झालं, म्हणाल्या, आणि मग लगेच, तू काही खाल्लंस का सकाळपासून? काहीतरी खाऊन घे, बाळा.

तुला सोडून निघवेना. पुढची गाडीही गेली. संचारबंदीच्या आत घरी पोचायचं म्हणून शेवटी उठलो. पुलावरून मागे वळून बघितलं, इतपत सांगतो. काय दिसलं ते सांगत नाही, कारण लांबून घेतलेलं माप तू धरणार नाहीस.

खिशातलं संत्रं शेडमधल्या फळीवर ठेवलंय, तू होतास तिथे. अंजली म्हणाली, सडेल ते. सडू दे. तिसरं माप मी घेतलं नाही आणि घेणारही नाही. पहिलं तुझं, हललं म्हणून. दुसरं माझं, नाही हललं म्हणून. दोन मापं म्हणजे भांडण, हा नियम तुझा. तेव्हा आपलं भांडण अजून चालू आहे, मध्या, आणि भांडण अर्धं टाकून तू उठून गेलेला मला आठवत नाही.